नांगरवाल्याची वाट कोण पाहणार?

दर वसंतात रूथ स्टाउट नांगरवाल्याची वाट बघत बसायची. बी तयार, ती तयार, पण त्याचा पत्ता नाही! १९४४ साली मात्र तिचा धीर सुटला. तेव्हा ती साठीला टेकली होती.

रूथचा जन्म १८८४चा, अमेरिकेतल्या कॅन्सासचा. रहस्यकथाकार रेक्स स्टाउट हा तिचा धाकटा भाऊ. न्यूयॉर्क सोडून १९३० साली ती नवऱ्याबरोबर कनेटिकटमधल्या शेतावर राहायला आली. तिथे तिच्या लक्षात आलं, की शतावरीच्या जातीची ॲस्परॅगसची भाजी न नांगरताच दरवर्षी उगवते. मग बाकीच्यांना तरी नांगर कशाला? तिने बी थेट पेरलं आणि वाफ्यांवर वाळलं गवत, पालापाचोळा यांचं वीतभर जाड पांघरूण वर्षभर ठेवलं. त्याखाली ओल टिकते, उजेड न मिळाल्याने तण दबतं आणि कुजलेल्या पाल्याचंच खत होतं. भाजीची देठं-सालंही ती तिथेच सारायची. बटाटे तर जमिनीवर ठेवून नुसते गवताने झाकायची.

कंबर न मोडता बाग कशी फुलवावी, हे सांगणारं तिचं पुस्तक १९५५ साली आलं. बाग बघायला लांबून माणसं येऊ लागली. १९८० साली ९६व्या वर्षी ती गेली. न नांगरता बाग करणारे आजही तिचं नाव घेतात. आणि आपण? अंगणातला पाला अजूनही झाडून पेटवतोच ना!