रुपयाचा प्रश्न आणि मजुराची भाकर

वाचकहो, घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आपणास ठाऊक आहेत. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब किती ठाऊक आहेत? १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. केन्ससारख्या पंडिताने उचलून धरलेली चलनपद्धती त्यांनी त्यात खोडून काढली. विषय किचकट, पण मुद्दा पोटाचा. रुपया घसरला की निर्यातदार व्यापारी खूष होतो, भाव चढतात, मजुरी मात्र मागे राहते. म्हणजे व्यापाऱ्याचा तो नफा मजुराच्या भाकरीतून निघतो! (हे गणित आमच्या निरक्षर आईलाही कळे.) १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले.