चेहरा जळालेल्या पायलट्ससाठी या डॉक्टरने अख्खं गाव तयार केलं होतं

गोष्ट आहे १९४० सालची. इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांची लढाई पेटली होती. लढाऊ विमानं चालवणारे बरेच पायलट जेमतेम विशीतले होते. विमानाला गोळी लागली की इंधनाची टाकी पेटायची आणि जाळ थेट कॉकपिटमध्ये शिरायचा. पायलटने काही सेकंदांत पॅराशूट घेऊन उडी मारली, तरी तेवढ्यात त्याच्या पापण्या, नाक, ओठ आणि बोटं जळालेली असायची.

जीव वाचायचा, पण प्रश्न पुढचा होता. हा चेहरा घेऊन घरी कसं जायचं? लग्न, नोकरी, साधं चहाच्या दुकानात जाऊन बसणं, हे सगळं कसं जमायचं?

या प्रश्नाला भिडलेल्या डॉक्टरचं नाव आर्चिबाल्ड मॅकिंडो.

न्यूझीलंडचा मुलगा लंडनला आला

मॅकिंडो यांचा जन्म १९०० साली न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरातला. वडील छपाईच्या व्यवसायात होते, आई चित्रकार. तिथेच ते डॉक्टर झाले आणि पुढच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गेले. १९३० च्या सुमारास ते लंडनला पोहोचले, पण जिच्या भरवशावर आले होते ती नोकरी मिळालीच नाही. तेव्हा मदतीला आले नात्यातले हॅरॉल्ड गिलीज.

गिलीज म्हणजे त्या काळचं प्लास्टिक सर्जरीतलं सगळ्यात मोठं नाव. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे फाटलेल्या सैनिकांवर त्यांनी सिडकप इथल्या हॉस्पिटलमध्ये उपचार केले होते. मॅकिंडो ही विद्या त्यांच्याच हाताखाली शिकले.

या विद्येचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. टिपू सुलतानच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून नवं नाक बसवलं गेलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ही बातमी छापून आली आणि तिथले सर्जन त्या पद्धतीच्या मागे लागले.

म्हणजे नाक बनवायचं कसं हे तोपर्यंत माहीत होतं. नवं नाक घेऊन माणूस हॉस्पिटलबाहेर पडला की त्याचं काय होतं, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

वॉर्ड नंबर ३

युद्ध सुरू झालं तेव्हा मॅकिंडो हवाई दलाचे सल्लागार सर्जन होते. १९३९ मध्ये त्यांना ईस्ट ग्रिन्स्टेड या छोट्या गावातल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये पाठवलं गेलं. हवाई दलाची वर्दी मात्र त्यांनी घेतली नाही. साधा नागरिक राहिलं तर वरच्या अधिकाऱ्यांशी भांडता येतं, हा हिशोब त्यामागे होता.

आणि ते भरपूर भांडले. तेव्हा भाजलेल्या जागी टॅनिक ॲसिड लावायची पद्धत होती. त्याने जखमेवर कडक पापुद्रा धरायचा, बोटं आखडायची, पापण्या ओढल्या जायच्या. त्यातच मॅकिंडोंच्या लक्षात आलं की समुद्रात पडलेल्या पायलट्सच्या जखमा जास्त चांगल्या भरतायत. त्यांनी टॅनिक ॲसिडला विरोध केला आणि पेशंट्सना मिठाच्या कोमट पाण्यात बसवायला सुरुवात केली.

पण खरा बदल वॉर्डात झाला. वॉर्ड नंबर ३ म्हणजे हॉस्पिटलच्या मागची लाकडी बराक. तिथे अधिकारी आणि साधे सार्जंट शेजारीशेजारी झोपायचे. आजारी सैनिकांचे निळे कपडे बंद झाले, प्रत्येकाला स्वतःची वर्दी घालायची मुभा मिळाली. वॉर्डात बिअरचं पिंप असायचं. ज्याला बघायचंय त्याला दुसऱ्याचं ऑपरेशनही बघता यायचं, म्हणजे आपल्या बाबतीत काय होणार याची भीती कमी व्हायची. ठरावीक काळात बरा न झालेल्या जवानाला सेवेतून काढायच्या नियमाविरुद्धही मॅकिंडो लढले.

गावाची तयारी

पहिल्या महायुद्धात सिडकपला हॉस्पिटलच्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते. तिथे जखमी चेहऱ्याचा सैनिक बसलेला असू शकतो, हे लोकांना आधीच कळावं म्हणून. हेतू चांगला असेल, पण त्याचा अर्थ होता: सांभाळा, इकडे बघू नका.

मॅकिंडोंनी उलटं केलं. त्यांनी आणि त्यांच्या ओळखीतल्या कुटुंबांनी गावकऱ्यांना समजावलं, की या मुलांना घरी जेवायला बोलवा. टक लावून बघू नका आणि तोंडही फिरवू नका, नेहमीसारखं बोला. हळूहळू ही मुलं पबमध्ये, सिनेमाला, लोकांच्या घरी दिसू लागली. टक लावून न बघणारं गाव अशीच ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख झाली. काहींनी तर पुढे तिथेच संसार थाटला.

१९४१ मध्ये पेशंट्सनी स्वतःचा गिनीपिग क्लब काढला. आपल्यावर प्रयोग चाललेत, मग नावही तसंच. खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेत, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. सचिव असा की ज्याची बोटं भाजलीत, म्हणजे जास्त लिहिणार नाही. सुरुवातीला ३९ सदस्य होते, युद्ध संपेपर्यंत ६४९ झाले. जखमांवर स्वतःच विनोद करणारी, एकमेकांना नोकरीसाठी आणि घरासाठी मदत करणारी ही मंडळी २००७ पर्यंत दरवर्षी भेटत राहिली.

सगळंच छान होतं का?

नाही. पेशंट्सचा आत्मविश्वास वाढावा म्हणून नर्सेसनी त्यांची थट्टामस्करी हसत सहन करावी अशी अपेक्षा असायची. त्या बायकांना काय वाटतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. शिवाय ही मुलं देशाची हिरो होती. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाईला त्याच गावाने असंच घरी बोलावलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

मॅकिंडोंना १९४७ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९६० मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, ते झोपेतच गेले. २०१४ मध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडला त्यांचा पुतळा उभा राहिला. तो घडवणाऱ्या शिल्पकाराचे वडील मॅकिंडोंचेच पेशंट होते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा समावेश झाला. कायद्याने हक्क मिळतो, सर्जरीने कातडी मिळते. पण बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते, तिथे कायदा आणि सर्जन दोघेही नसतात. तिथे आपण असतो. ईस्ट ग्रिन्स्टेडच्या लोकांनी काही फार मोठं केलं नव्हतं. समोरच्याच्या डोळ्यात बघून त्यांनी फक्त विचारलं होतं, चहा घेणार का.