कार्ल माय
कार्ल माय (२५ फेब्रुवारी, १८४२ - ३० मार्च, १९१२) हे जर्मन साहसकथालेखक होते. त्यांचा जन्म सॅक्सनीतील एर्न्स्टथाल येथे गरीब विणकर कुटुंबात झाला. तरुणपणी चोरी व फसवणुकीबद्दल त्यांनी कारावास भोगला. १८९२मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या वाळवंटप्रवासाच्या कादंबरीत कारा बेन नेम्सी हा नायक घोड्यावरून ट्युनिसियातील शॉट अल जरीद हे खारे सरोवर ओलांडतो. मिठाच्या कवचाखाली लपलेला धोका आणि वाटाड्यावरील भिस्त यांमुळे हे वर्णन अस्सल वाटते. मात्र त्याचा आधार नकाशे व इतरांची प्रवासवर्णने हा होता. हे प्रवास स्वतः केल्याचा दावा माय करीत. प्रत्यक्षात पूर्वेकडील देश त्यांनी १८९९-१९००मध्ये प्रथमच पाहिले. पुढे हा दावा खोटा ठरला. कादंबऱ्यांचा वाचकवर्ग मात्र टिकून राहिला.