घर सुटलं, पण सूर सुटला नाही : संगीतकार नौशाद अली

नौशाद साहेबांचं नाव आज आपल्या घराघरात अभिमानाने घेतलं जातं. पण ज्या हुनरामुळे हे नाव झालं, त्याच हुनरापायी त्यांना घर सोडावं लागलं होतं. नव्या पिढीला हे माहीत असायला हवं, म्हणून हा लेख.

२५ डिसेंबर १९१९ रोजी लखनौमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील वाहिद अली कोर्टात मुन्शी होते. बाराबंकीजवळच्या देवा शरीफच्या उरुसात कव्वाल ऐकता ऐकता मुलाला संगीताचं वेड लागलं. तेव्हा मूकपट चालू असताना वादक थिएटरातच बसून वाजवायचे. तेही तो कान देऊन ऐकायचा. त्याने हार्मोनियमच्या दुकानात काम धरलं आणि उस्तादांकडून तालीम घेतली. वडिलांना मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. शेवटी घर की संगीत, असा सवाल आला आणि १९३७ मध्ये नौशाद मुंबईला निघून आले.

इथे ओळखीचं कोण असणार? दादरला ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फुटपाथवर त्यांनी रात्री काढल्या. उस्ताद झंडे खाँ यांच्या हाताखाली महिना ४० रुपयांवर काम मिळालं. पुढे खेमचंद प्रकाश यांच्याकडे ते सहायक झाले आणि त्यांना ते कायम गुरू मानत राहिले. १९४० च्या ‘प्रेम नगर’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिलं. १९४४ मध्ये ‘रतन’ आला आणि त्याची गाणी देशभर गाजली.

त्यांच्या लग्नाचा किस्सा ते स्वतःच सांगायचे. मुलगा गाण्या-बजावण्यात आहे म्हटलं तर मुलगी कोण देणार? म्हणून सासरच्यांना सांगितलं होतं की नवरदेव मुंबईत दर्जी आहे! आणि वरातीत बँडवाले वाजवत होते ‘रतन’चीच गाणी. किस्सा ऐकून हसू येतं, पण त्यातलं दुःखही समजून घेतलं पाहिजे. सगळा देश ज्याची धून गुणगुणत होता, त्याला आपलं काम घरच्यांपासून लपवावं लागत होतं.

१९५२ चा ‘बैजू बावरा’ हे त्यांचं मोठं काम. रागदारी लोकांना कळत नाही, असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. नौशाद साहेबांनी उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर यांना एकत्र गायला लावलं आणि शास्त्रीय संगीत टांगेवाल्यापासून गिरणी कामगारापर्यंत पोहोचवलं. त्यातलं मालकंस रागातलं भजन आजही मंदिरांत गायलं जातं. ते लिहिलं शकील बदायुनी यांनी, गायलं मोहम्मद रफी यांनी आणि चाल नौशाद यांची. हा चित्रपट लागला तो त्याच ब्रॉडवेमध्ये. समोरचा रस्ता ओलांडायला १५ वर्षं लागली. या चित्रपटासाठी १९५४ मध्ये, फिल्मफेअरच्या पहिल्याच वर्षी, उत्कृष्ट संगीतकाराचा पुरस्कार त्यांना मिळाला.

मोठा वाद्यवृंद हाताळण्यातही ते उस्ताद होते. ‘आन’साठी त्यांनी १०० वादकांचा ताफा वापरला. सतार, सारंगी, व्हायोलिन, चेलो, सगळी वाद्यं एकत्र, पण गाण्याचा राग कुठे हरवत नाही. ‘मुघल-ए-आझम’मध्ये एका गाण्याला रफींच्या मागे १०० जणांचा कोरस उभा केला. चित्रपटात न गाणारे उस्ताद बडे गुलाम अली खाँही या चित्रपटासाठी गायले.

एवढं यश असूनही त्यांनी कामाचा ढीग लावला नाही. सहा दशकांत सत्तरच्या आतच चित्रपट केले. १९८१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि १९९२ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाला. ५ मे २००६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

जुहूच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं गेलं. नव्या मय्यतींसाठी जागा हवी म्हणून २०१० मध्ये तिथल्या जुन्या पक्क्या कबरी काढल्या गेल्या, त्यात रफी, मधुबाला यांच्यासोबत नौशाद साहेबांचीही होती. आज तिथे निशाणी नाही. निशाणी उरली ती त्यांच्या कामाची.

आम्ही ट्रॉम्बेत मुलांना शिकवतो. एखादा मुलगा बाकावर छान ठेका धरतो, एखादी मुलगी नात पढताना अचूक सुरात असते. प्रत्येकाने संगीतकार व्हावं असं आमचं म्हणणं नाही आणि संगीताबद्दल घराघरात मतं वेगळी आहेत, हेही आम्ही जाणतो. पण मुलाच्या अंगात कुठलाही हुनर दिसला, तर त्याला घर की हुनर असा सवाल घालण्याआधी पालकांनी एकदा त्याच्याजवळ बसून शांतपणे ऐकून घ्यावं.