असद बेग कझविनी

असद बेग कझविनी हा सम्राट अकबराच्या दरबारातील इराणी वंशाचा अधिकारी, वकील आणि फारसी इतिहासलेखक होता. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्या शतकाचा पूर्वार्ध हा त्याचा काळ होय. विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतताना त्याने तंबाखू व ती ओढण्याची साधने आग्र्यास नेऊन अकबरास सादर केली. मुघल दरबारात तंबाखूचा प्रवेश झाल्याचा हा सर्वांत प्रसिद्ध वृत्तान्त मानला जातो. आपले अनुभव त्याने ‘वकाये-इ-असद बेग’ या ग्रंथात लिहून ठेवले. ‘हालात-इ-असद बेग’ या नावानेही हा ग्रंथ ओळखला जातो.

पूर्वायुष्य व अबुल फझलची सेवा

असद बेग मूळचा इराणमधील कझविन या शहराचा. हिंदुस्थानात तो अकबराचा मंत्री व ‘अकबरनामा’ या ग्रंथाचा कर्ता अबुल फझल याच्या सेवेत होता. ही सेवा सुमारे १७ वर्षे चालली.

इ.स. १६०२ मध्ये अकबराने अबुल फझलला दक्षिणेतून तातडीने बोलावून घेतले. वाटेत सिरोंज येथे अबुल फझलने आपले अनुभवी सैनिक मागे ठेवले आणि नव्याने भरती केलेल्या स्वारांची तुकडी बरोबर घेतली. असद बेगने सोबत येण्याचा आग्रह धरला, पण त्यालाही सिरोंजलाच थांबण्याची आज्ञा झाली. पुढे ग्वाल्हेरजवळ आंतरीच्या परिसरात वीरसिंह देव बुंदेला याने शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून अबुल फझलचा वध केला.

या बातमीने अकबर शोकाकुल झाला. धन्याचा सर्वांत विश्वासू सेवक संकटाच्या वेळी जवळ का नव्हता, या विचाराने त्याचा संताप असद बेगवर वळला आणि असद बेगच्या जिवावरच बेतले. सिरोंजची हकीकत सांगितल्यानंतर बादशहाचा राग शमला आणि त्याला शाही सेवेत घेण्यात आले. वीरसिंह देव वेढ्यातून निसटला कसा, याच्या चौकशीचे नाजूक कामही त्याच्याकडे सोपवले गेले. त्याने निष्काळजीपणा झाल्याचे नमूद केले, मात्र कोणा एकावर फितुरीचा आरोप ठेवला नाही.

विजापूरची वकिली

अहमदनगरचा किल्ला इ.स. १६०० मध्ये मुघलांच्या हाती आल्यानंतर विजापूरशी संबंध जोडण्याच्या हालचालींना वेग आला. दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द इ.स. १५८०–१६२७) याची कन्या अकबराचा पुत्र शाहजादा दानियाल यास देण्याचे ठरले. त्यासाठी मीर जमालुद्दीन हुसेन इंजू हा मुघल सरदार विजापुरास गेला होता, परंतु त्याचा मुक्काम लांबतच गेला. त्याला व राजकन्येला विनाविलंब घेऊन येण्यासाठी अकबराने असद बेगची रवानगी केली.

असद बेगने विजापूरचे केलेले वर्णन अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. दोन कोस लांबीची रुंद बाजारपेठ, दुकानांपुढील हिरवी झाडे आणि जवाहिरे, सुगंधी द्रव्ये, कापड यांची रेलचेल त्याने नोंदवली आहे. आदिलशहाचे फारसी बेताचेच असून तो मराठी बोलतो, हेही त्याच्या लक्षात आले. दक्षिणेतील एका मुसलमान राज्यकर्त्याच्या रोजच्या बोलण्यात मराठी होती, याची ही परकीयाने दिलेली साक्ष असल्यामुळे मराठी भाषेच्या इतिहासात तिला महत्त्व आहे.

ठरलेला विवाह इ.स. १६०४ मध्ये गोदावरीकाठी पैठण येथे झाला. पैठण आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. इतिहासकार फिरिश्ता वधूच्या परिवाराबरोबर विजापुराहून आला होता आणि पुढे बुऱ्हाणपूरपर्यंत गेला. मद्याच्या व्यसनामुळे दानियालचा पुढच्याच वर्षी बुऱ्हाणपूर येथे मृत्यू झाला.

तंबाखूची भेट

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. गोवा इ.स. १५१० पर्यंत आदिलशाहीतच होते आणि त्यानंतरही विजापूरच्या सरहद्दीला लागून होते. त्यामुळे ही नवी वस्तू उत्तरेच्या आधी विजापूरच्या बाजारात पोहोचली. असद बेगने ती हिंदुस्थानात यापूर्वी कोठेही पाहिलेली नव्हती.

भेट सादर करण्यापूर्वी त्याने कसून तयारी केली. आचे बेटप्रदेशातील तीन हात लांबीची नळी त्याने मिळवली आणि तिची दोन्ही टोके रत्ने व मिनाकारीने सजवली. तोंडाशी येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा बसवला आणि तंबाखू पेटवण्यासाठी सोन्याचे पात्र केले. आदिलशहाने दिलेल्या सुंदर चंचीत त्याने उंची तंबाखू भरली. नळीसाठी चांदीची नळकांडी करून तिच्यावर जांभळी मखमल चढवली. हे सर्व चांदीच्या तबकात मांडले होते. याच भेटींत आदिलशहाचा चंचल नावाचा प्रसिद्ध हत्तीही होता.

या तंबाखूचे एक वैशिष्ट्य असद बेगने सांगितले आहे. तिचे एक पान पेटवले की उरलेली सारी आपोआप जळत राही. हे वर्णन नीट वाळलेल्या व मुरलेल्या पानाला लागू पडते. ताजे हिरवे पान ओढण्यास निरुपयोगी असते. ते आधी टांगून वाळवावे लागते. चिरूटासाठीच्या पानांचे नंतर ढीग रचतात. ढिगात उष्णता निर्माण होते, अमोनियाचा उग्र वास कमी होतो आणि पानाचा तिखटपणा उतरतो. ढीग वेळोवेळी फोडून वरची पाने खाली घ्यावी लागतात, नाहीतर आतली पाने करपतात. त्यानंतर पाने गठ्ठ्यांत बांधून महिनोन्‌महिने, उंची प्रतीची असल्यास काही वर्षे मुरत ठेवतात.

वळलेल्या चिरूटालाही विश्रांती लागते. दूरच्या प्रवासात त्यातील ओलावा कमी-जास्त झालेला असतो. म्हणून चिरूट लाकडी पेटीत, सुमारे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत काही आठवडे तसेच ठेवण्याची पद्धत आहे. फार ओलसर चिरूट वारंवार विझतो, तर फार कोरडा भराभर जळून घशाला झोंबतो. मात्र पान मुरवल्याने चव सौम्य होते, धुराचा अपाय टळत नाही.

दरबारातील वाद

तबकातील अपरिचित वस्तू पाहून अकबराने ती काय आहे, असे विचारले. त्याचा दूधभाऊ खान-इ-आझम मिर्झा अझीझ कोका याने ती मक्का-मदिनेत परिचित असलेली तंबाखू असून औषध म्हणून आणली असल्याचे सांगितले. अकबराने ती भरून आणण्यास फर्मावले. राजवैद्याने हरकत घेतली, तरी असद बेगचे मन राखण्यासाठी त्याने दोन-तीन झुरके घेतले व नळी खान-इ-आझमकडे दिली.

त्यानंतर वैद्य व असद बेग यांच्यात वाद झाला. आपल्या वैद्यकग्रंथांत जिचा उल्लेख नाही अशी अपरीक्षित वस्तू बादशहाने घेऊ नये, केवळ युरोपीय घेतात म्हणून ती स्वीकारू नये, असे वैद्याचे म्हणणे होते. असद बेगच्या मते जगातील प्रत्येक रीत कधी ना कधी नवीच होती. वस्तूचा निर्णय तिच्या गुणदोषांवरून व्हावा, पारखण्याआधी होऊ नये. प्राचीनांना ठाऊक नसलेल्या, पण अनेक रोगांवर उपयोगी ठरलेल्या चोपचिनीचा दाखला त्याने दिला. अकबर या युक्तिवादावर प्रसन्न झाला. एखादी गोष्ट आपल्या पोथ्यांत नाही एवढ्यावरून ती नाकारली तर प्रगती होणार नाही, असा अभिप्राय त्याने दिला. वैद्य मात्र शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिला आणि तो वैद्य म्हणून उत्तम होता, हे असद बेगने स्वतःच नमूद केले आहे.

परिणाम

असद बेगने पुष्कळ तंबाखू व नळ्या आणल्या होत्या. त्या त्याने काही अमीर-उमरावांना पाठवल्या, इतरांनी मागून घेतल्या. लवकरच व्यापारी तंबाखू विकू लागले आणि धूम्रपानाची चाल झपाट्याने पसरली. अकबराने स्वतः ही सवय लावून घेतली नाही.

जहांगीरने इ.स. १६१७ मध्ये तंबाखू अपायकारक असल्याचे सांगून तिच्यावर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही तसेच केले होते. तेथे गेलेला मुघल वकील खान आलम याला मात्र तंबाखूवाचून क्षणभरही राहवत नसल्यामुळे सवलत द्यावी लागली. बंदी टिकली नाही आणि पुढे शाही महसुलातही तंबाखूला स्थान मिळाले. महाराष्ट्रात चंची, चिलीम व गुडगुडी या वस्तू घरोघरी परिचित झाल्या. निपाणीच्या परिसरात तंबाखूची शेती आणि सिन्नर, संगमनेर येथे विडी वळण्याचा व्यवसाय वाढला.

वस्तू गुणदोषांवरून पारखावी, हे असद बेगचे तत्त्व तर्कदृष्ट्या योग्य होते. तथापि दरबारात त्या दिवशी पारख झाली ती केवळ दोन-तीन झुरक्यांची. तंबाखूचे दोष प्रकट होण्यास माणसाच्या आयुष्याची अनेक वर्षे लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठ्या प्रमाणात झालेल्या पाहण्यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. असद बेगने सुचवलेली कसोटी अशा रीतीने पूर्ण झाली, पण निकाल वैद्याच्या बाजूने लागला. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे.

उत्तरायुष्य व ग्रंथ

अकबराच्या अखेरच्या वर्षात असद बेगला पुन्हा दक्षिणेच्या वकिलीवर पाठवण्यात आले. इ.स. १६०५ मध्ये अकबराचा मृत्यू झाल्यानंतर जहांगीरने त्याला परत बोलावले. पुढे त्याला पेशरौ खान हा किताब मिळाला. शाहजहानच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या काळात त्याचा मृत्यू झाला.

‘वकाये’ या ग्रंथाचा आरंभ अबुल फझलच्या वधाने होतो. अकबराचे अखेरचे दिवस आणि गादीवरून झालेल्या हालचाली यांचे निकटचे वर्णन त्यात आहे. एलियट व डाउसन यांच्या हिंदुस्थानच्या इतिहासग्रंथमालेच्या सहाव्या खंडात त्यातील निवडक भागाचे इंग्रजी भाषांतर समाविष्ट आहे. अबुल फझलचा ‘अकबरनामा’ त्याच्या वधामुळे जेथे थांबला, त्यानंतरच्या तीन वर्षांसाठी असद बेगची हकीकत हे प्रत्यक्षदर्शी साधन ठरते.