उषा मेहता : बेचाळीस मीटरवरचा आवाज

ज्यांचे बालपण १९८०च्या दशकापूर्वी गेले, त्यांना रेडिओच्या संचाबरोबर घरात असणारे एक छोटे पुस्तक आठवत असेल. ते टपाल खात्याकडून मिळणारे परवान्याचे पुस्तक होते. इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या छत्र्यांच्या आसपास वसलेली जुनी मराठी घरे असोत की मुंबईच्या गिरगावातल्या चाळी, रेडिओ घ्यायचा तर दरवर्षी शुल्क भरून त्या पुस्तकावर शिक्का उमटवून घ्यावा लागे. केवळ ऐकण्यासाठी ही अट होती. मग स्वतः बोलण्यासाठी, म्हणजे प्रक्षेपणासाठी, कायदा किती कडक असेल याची कल्पना सहज यावी. त्या कायद्याचा पूर्ण बोध असलेल्या आणि तरीही बावीसाव्या वर्षी ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या एका तरुणीची ही जीवनकथा आहे.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वयाच्या पाचव्या वर्षी अहमदाबादच्या आश्रमात त्यांनी गांधीजींना प्रथम पाहिले. पुढे गावाजवळ भरलेल्या शिबिरात त्यांनी गांधीजींचे विचार ऐकले आणि सूतही कातले. १९२८ मध्ये सायमन आयोगाच्या निषेधार्थ निघालेल्या मुलांच्या फेरीत त्या सामील झाल्या, तेव्हा त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. अशाच एका फेरीत पोलिसांच्या लाठीमारात झेंडा घेतलेली मुलगी खाली पडली. झेंडा हातून सुटतो तर तो अंगावरच घालावा, असे मुलांनी ठरवले आणि तिरंग्याच्या रंगांचे कपडे शिवून ती पुन्हा रस्त्यावर आली.

घरची परिस्थिती मात्र या ओढीला अनुकूल नव्हती. वडील ब्रिटिश सरकारच्या सेवेत न्यायाधीश होते. मुलीने चळवळीत उघडपणे भाग घेणे त्यांना परवडणारे नव्हते. १९३० मध्ये ते निवृत्त झाले, १९३२ मध्ये कुटुंब मुंबईत आले आणि उषाबेनच्या पायांतली बेडी सैल झाली. गुप्त पत्रके वाटणे, तुरुंगातल्या कैद्यांना निरोप पोहोचवणे अशी कामे त्या शाळकरी वयातच करू लागल्या. शिक्षणाकडेही त्यांनी दुर्लक्ष केले नाही. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन १९३९ मध्ये त्या प्रथम वर्गात पदवीधर झाल्या आणि कायद्याच्या अभ्यासाकडे वळल्या.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानातील हौशी रेडिओचालकांचे परवाने सरकारने रद्द केले. हौशी रेडिओ म्हणजे कोणत्याही आर्थिक लाभाविना, केवळ तंत्राच्या आवडीपोटी स्वतःच्या संचावरून दूरदूरच्या समछंदी लोकांशी बिनतारी संपर्क साधण्याचा छंद. आपल्याकडे तो १९२०च्या दशकाच्या आरंभी बंगालमध्ये रुजला. १८८५च्या तार कायद्याने संदेशवहनाचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला होता. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना असा संच केवळ जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला. त्यामुळे १९३९ नंतर घरात प्रक्षेपक दडवून ठेवणारा माणूस, तोंडातून एक शब्द न काढताही, अपराधी ठरत होता.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसचे सर्व प्रमुख नेते गजाआड गेले. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, आकाशवाणी सरकारच्या हाती होती. एका प्रांतात काय घडले हे दुसऱ्या प्रांताला कळण्याचा मार्गच उरला नाही. कायद्याचा अभ्यास सोडून चळवळीत उतरलेल्या उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी नेमकी हीच उणीव हेरली. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे सहकारी एकत्र आले. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी साहित्याचे साहाय्य केले. प्रक्षेपक बांधून देण्याचे काम रेडिओतंत्रज्ञ नरिमन प्रिंटर यांच्याकडे आले. भूमिगत नेत्यांपैकी राममनोहर लोहिया आणि नगरचे अच्युतराव पटवर्धन या उपक्रमाच्या पाठीशी उभे राहिले.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले. ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून हे केंद्र बोलत आहे, अशी घोषणा प्रारंभी होत असे आणि तो आवाज बहुधा उषाबेनचाच असे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ४२.३४ मीटर तरंगलांबीचा हिशेब केला तर वारंवारता सुमारे ७०८० किलोहर्ट्झ येते. हौशी रेडिओचालक ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात, त्याच पट्ट्यात ती पडते. आजही भारतातील परवानाधारक याच पट्ट्यात परस्परांशी बोलतात. परवाने रद्द करून ज्या पट्ट्यातले आवाज सरकारने बंद पाडले होते, तिथेच हा नवा आवाज उमटला.

कार्यक्रमाची सुरुवात हिंदोस्ताँ हमारा या गीताने आणि सांगता वंदे मातरम्‌ने होई. मधल्या वेळात बातम्या आणि भाषणे असत. चितगाववरील बाँबहल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे जनतेवर झालेले अत्याचार, अशा बातम्या छापण्याचे धाडस वृत्तपत्रांना करता येत नव्हते. त्या या केंद्रावरून देशाला कळल्या. सरकारी यंत्रणा प्रक्षेपणात खरखर मिसळून ते बुडवण्याचा प्रयत्न करी, तर दिशाशोधक यंत्रे बसवलेल्या पोलिसांच्या गाड्या केंद्राचा माग काढत फिरत. म्हणून संच एका जागी फार दिवस ठेवता येत नसे. चौपाटीवरील सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी आणि अखेर महालक्ष्मी मंदिराजवळील पॅराडाइज बंगला, असा त्याचा प्रवास झाला.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी हा प्रवास थांबला. ज्यांनी यंत्र बांधले होते, त्या तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना धागा मिळाला होता. त्या दिवशी बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा पडल्याचे उषाबेनला समजले. पळून जाण्यास वेळ होता. त्या पळाल्या नाहीत; आवश्यक कागद सुरक्षित ठिकाणी पोहोचवून त्या पॅराडाइज बंगल्यावर गेल्या आणि सायंकाळच्या प्रक्षेपणाला बसल्या. चंद्रकांत झवेरी त्यांच्याबरोबर होते. कार्यक्रम शेवटाला आला, वंदे मातरम्‌ची तबकडी फिरत होती, तोच दारे फोडून पोलीस आत शिरले. तबकडी थांबवण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

यानंतरचे सहा महिने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ होता. गुप्तचर विभागाने त्यांना एकान्तवासात ठेवून प्रश्नांची सरबत्ती केली. सहकाऱ्यांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही दाखवले गेले. उषाबेन बोलल्या नाहीत. खटला उभा राहिल्यावर त्यांनी न्यायाधीशांना एकच गोष्ट विचारली: प्रश्नांना उत्तर देण्याचे आपल्यावर बंधन आहे काय? तसे बंधन नसल्याचे उत्तर मिळताच त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. ज्या उत्तरांनी त्यांची स्वतःची शिक्षा कमी झाली असती, तीही दिली नाहीत. कायद्याचा अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला होता खरा, परंतु आरोपीला कायदा कोणता अधिकार देतो, याचे भान सुटले नव्हते. त्यांच्या या मौनाने बाहेर असलेल्यांना संरक्षण मिळाले.

बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने निर्दोष सुटले. येरवड्याच्या तुरुंगात उषाबेनची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणावे लागले, तेव्हा खाटेभोवती स्त्री पोलिसांचा अहोरात्र पहारा होता. बरे वाटताच त्यांना पुन्हा येरवड्यास नेण्यात आले. १९४६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

याच १९४६ सालाशी आपल्या गोव्याचेही नाते आहे. काँग्रेस रेडिओला आधार देणारे लोहिया तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी असोळण्याला मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे आले आणि १८ जून रोजी मडगावात त्यांनी नागरी स्वातंत्र्याची ठिणगी टाकली. पुढे २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. पोर्तुगीज सत्तेची प्रसिद्धिबंदी भेदणारे ते केंद्र १९६१च्या डिसेंबरपर्यंत बोलत राहिले. मुंबईतले केंद्र तीन महिनेही टिकले नव्हते. सह्याद्रीतले सहा वर्षे टिकले. उद्देश मात्र एकच होता: ज्यांच्यापासून बातमी लपवली जाते, त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणे.

स्वातंत्र्यानंतर उषाबेन सत्तेच्या राजकारणात गेल्या नाहीत. तुरुंगाने थांबवलेले शिक्षण त्यांनी पुन्हा हाती घेतले, गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विल्सन महाविद्यालयात त्यांनी तीन दशके अध्यापन केले; विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राजकारण विभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. एका काळी राज्याचा कायदा मोडून तुरुंगात गेलेली स्त्री उर्वरित आयुष्य नागरिकाचे हक्क आणि कर्तव्ये शिकवीत राहिली, यात विसंगती नाही. परकीय सत्तेने लादलेला नियम आणि आपणच आपल्यासाठी केलेला नियम यांतील अंतर त्यांना ठाऊक होते. मणिभवनच्या कार्याशीही त्या अखेरपर्यंत निगडित राहिल्या. खादीचा वेश आणि साधी राहणी त्यांनी कधी सोडली नाही. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. २००० सालच्या ९ ऑगस्टला अंगात ताप असतानाही त्या क्रांती मैदानावरील सोहळ्याला गेल्या आणि दोनच दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आज चाळीस मीटरच्या त्या पट्ट्यात बोलण्यासाठी कुणालाही लपावे लागत नाही. १९७८च्या हौशी सेवा नियमांनी मार्ग आखून दिला: परीक्षेस बसावे, रेडिओचे तंत्र आणि नियम या दोन्हींत उत्तीर्ण व्हावे, परवान्यासोबत मिळालेले स्वतःचे संकेतनाम प्रत्येक संभाषणात उच्चारावे, नोंदवही ठेवावी. या संचावरून संगीत वाजवता येत नाही, बातम्यांचे प्रसारण करता येत नाही, व्यापार करता येत नाही. नवख्या विद्यार्थ्याला ही यादी रुक्ष वाटते. पण २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचा संपर्क तोडला, तेव्हा योगायोगाने तिथे संच घेऊन गेलेल्या दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी बाहेरच्या जगाशी दुवा जोडला. नियमांची शिस्त अंगवळणी पडलेली होती, म्हणूनच त्या गोंधळात निरोप नेमके पोहोचले.

काँग्रेस रेडिओने आपला ठावठिकाणा लपवला आणि आजचा परवानाधारक आपले संकेतनाम मोकळेपणाने सांगतो. हे सांगण्याची मोकळीक आपल्याला कुणाच्या तुरुंगवासातून मिळाली, हे परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही. नियमांचे पुस्तक हाती घेणाऱ्या मुलामुलींना ते कुणीतरी सांगितले पाहिजे.