आतड्याचा निरोप ओळखणारे स्टार्लिंग

बालमित्रांनो, भाकरी पोटात गेली हे स्वादुपिंडाला कोण सांगतं? हे कोडे सोडवणाऱ्या अर्नेस्ट स्टार्लिंग या थोर शास्त्रज्ञाची माहिती आज मी तुम्हाला सांगते.

त्यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील, नोकरीला आपल्या मुंबईच्या न्यायालयात. ते काही वर्षांनी एकदा घरी यायचे, म्हणून मुलांना आईनेच वाढवले. स्टार्लिंग डॉक्टर झाले, पण मन रमले प्रयोगशाळेत. जोडीदार होते विल्यम बेलिस, त्यांच्या बहिणीचे यजमान बरं का!

स्वादुपिंड अन्न पचवणारा रस सोडते. त्याला निरोप मज्जातंतूच देतात, अगदी तारेसारखा, असे तेव्हा रशियाचे मोठे शास्त्रज्ञ पावलोव्हही मानत. १६ जानेवारी १९०२ रोजी या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू कापले आणि त्या भागात आम्ल सोडले. तार तुटली होती, तरी रस वाहू लागला! मग स्टार्लिंग यांनी आतड्याचे अस्तर खरवडले, वाळू व आम्लात घोटून गाळले आणि शिरेत टोचले. पुन्हा रस आला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता! या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिले. १९०५ साली त्यांनीच हार्मोन हा शब्द वापरात आणला. आपण संप्रेरक म्हणतो.

स्वादुपिंड इन्सुलिनही बनवते. ते कमी पडले की रक्तात साखर वाढते, मधुमेह होतो. १९०६ साली लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी मधुमेहींना आतड्याचा अर्क पाजून पाहिला, पण भरवशाचा गुण आला नाही. २ मे १९२७ रोजी जमैकाजवळ बोटीवर स्टार्लिंग वारले. नोबेल त्यांना मिळाले नाही. पुढे १९८० नंतर जीएलपी-१ हा आतड्याचा आणखी एक निरोप्या सापडला. साखर वाढली की तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतो. त्या धर्तीचे पहिले औषध २००५ साली अमेरिकेत आले.

मी मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहते. माझ्या सासूबाईंना शुगर आहे, त्या इन्सुलिन टोचतात. हे नवे औषध घेऊन सुई सुटेल का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी समजावले, निरोप कितीही पोचला तरी स्वादुपिंडात जोर उरलेला हवा. जिथे तो संपला तिथे इन्सुलिनच लागते.

तेव्हा मुलांनो, घरात कुणाला शुगर असेल तर औषधाची आठवण रोज करा. आपल्या मनाने ते बंद करू देऊ नका.

— तुमच्या बाई